तब्येत बिघडली म्हणून कामावरून मधेच घरी जाणं

सकाळी ठणठणीत कामावर आलेला माणूस दुपारपर्यंत तापाने फणफणतो, कुणाला चक्कर येते, कुणाला उलट्या सुरू होतात, आणि शिफ्ट संपायच्या आत घरी जावं लागतं. अशा दिवसाची हजेरी कशी लावायची, पगार किती द्यायचा आणि रजा कुठल्या खात्यातून टाकायची, हा प्रश्न प्रत्येक ऑफिस आणि कारखान्यात महिन्यातून दोन-चारदा तरी येतोच. ऑफिसवाले याला सरसकट हाफ डे म्हणतात, एमआयडीसीत 'गेट पास घेऊन गेला' असं म्हणतात, आणि रोजंदारीवरचा माणूस म्हणतो आज अर्धा खाडा पडला.

महाराष्ट्रात दुकानं आणि खाजगी ऑफिसांसाठी २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे, त्यात वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा मिळते, ती दर तिमाहीला खात्यात जमा होते आणि वर्ष संपलं की उरलेली बुडते. वर्षात २४० दिवस काम भरलं तर दर २० दिवसांमागे एक अशी हक्काची रजा वेगळी, ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. आजारपणाची म्हणून स्वतंत्र रजा या कायद्यात नाही, म्हणजे सॅलरी स्लिपवर जी एसएल, म्हणजे सिक लीव्ह, दिसते ती कंपनीने स्वतःच्या पॉलिसीत दिलेली असते, आणि म्हणूनच दोन वाजता गेलेल्या माणसाची अर्धी सीएल (किरकोळ रजा) टाकायची की अर्धी एसएल हेही शेवटी कंपनीची पॉलिसी किंवा स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे तिथले मंजूर सेवानियमच, ठरवते.

रजा शिल्लक नसेल तर गोष्ट पगार कापण्यावर येते, आणि इथे मात्र कायदा एकदम स्पष्ट आहे. १९३६ च्या पगारवाटपाच्या कायद्यात कलम ९ होतं, त्याचा अर्थ असा की माणूस जेवढा वेळ गैरहजर तेवढ्याच प्रमाणात पगार कापता येतो, जास्त नाही. ८ तासांची शिफ्ट, रोज ८०० रुपये, माणूस ५ तास काम करून गेला, तर जास्तीत जास्त ३०० कापता येतील. अर्धा दिवस म्हणून ४०० कापले तरी ते जास्त झाले, आणि पूर्ण दिवसाचा खाडा लावला तर सरळ सरळ त्याच्या ५ तासांच्या मजुरीचे पैसे ठेवून घेतल्यासारखं आहे. त्या कायद्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेतही हेच प्रमाणाचं तत्त्व आहे, शिवाय जुन्या कायद्याला महिना २४,००० रुपये पगाराची मर्यादा होती ती संहितेत ठेवलेली नाही. तरीही कित्येक ठिकाणी सिस्टीममध्ये साडेचार तासांच्या आत पंच आउट झालं की दिवसच ॲबसेंट दिसतो, आणि महिनाअखेरी बिचारा माणूस मॅनेजरच्या मागे रेग्युलराइज करा म्हणून फिरत बसतो. सॉफ्टवेअरमधलं सेटिंग हा काही कायदा नाही, हे एचआरने आणि कामगारानेही पक्कं लक्षात ठेवावं.

म्हणून या सगळ्या प्रकारात सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे निघाल्याची वेळ. गेट पासवर वेळ, थोडक्यात कारण, सुपरवायझरची सही आणि टाइम ऑफिसची नोंद, एवढं असलं की पुढचे निम्मे वाद होतच नाहीत. ऑफिसात गेट पास नसतो, तिथे निघण्याआधी साहेबांना एक मेसेज किंवा मेल टाकून ठेवावा, 'सव्वादोनला निघतोय, ताप आहे' एवढी एक ओळ पुरते. कारण लिहिताना आजाराचा सगळा पाढा वाचायची गरज नाही, विशेषतः पाळीच्या दुखण्यासाठी चार पुरुषांसमोर खुलासा द्यायला लावणं चुकीचंच, 'बरं वाटत नाही' इतकं कारण पुरेसं मानलं पाहिजे.

पण कागदाच्या आधी माणूस. सही मिळेपर्यंत चक्कर आलेल्याला गेटवर उभं ठेवायचं नसतं, मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे तर अजिबातच नाही. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये दर १५० कामगारांमागे एक तरी फर्स्ट एड पेटी आणि ५०० च्या वर कामगार असतील तर ॲम्ब्युलन्स रूम सांगितली होती, ती अशाच वेळेसाठी. आधी बसवायचं, पाणी द्यायचं, बीपी बघायचं, छातीत दुखत असेल तर घरी न पाठवता थेट हॉस्पिटल, आणि बाइकवर एकट्याला तर सोडूच नये. रात्रपाळीत हे जास्त कठीण होतं कारण कॅब शिफ्ट सुटल्यावरच असते. बाईमाणसाला रात्री साडेनऊ ते सकाळी सातच्या दरम्यान कामाला ठेवायचं तर तिची संमती आणि घरापर्यंत नेण्या-आणण्याची सोय २०१७ च्या कायद्यातच आहे, तेव्हा हिंजवडीत रात्री दोन वाजता एखादीची तब्येत बिघडली तर तू तुझी रिक्षा बघ असं म्हणणं बसतच नाही.

ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, असलेल्यांचा हिशेब वेगळा आहे. महिना २१,००० पर्यंत पगार असलेले यात येतात, आणि आजारपणात सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतात, त्यासाठी आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. पण ज्या दिवशी माणसाने काम केलं त्या दिवसाचा हा लाभ मिळत नाही, शिवाय नव्या आजारपणाचे पहिले दोन दिवस कोरडेच जातात. म्हणजे मधेच घरी गेला तो दिवस कंपनीच्या हिशेबातच मिटवावा लागतो, ईएसआयच्या खात्यात ढकलता येत नाही. त्याच दिवशी संध्याकाळी दवाखान्यात जाऊन सर्टिफिकेट घेतलेलं बरं, उद्या बघू म्हटलं की पुढचे दिवसही पुढे सरकतात. आणि हा लाभ चालू असताना कामावरून काढून टाकायला कायद्याने मनाई आहे.

मशीनवर लागलं, भाजलं, असं असेल तर ते आजारपण नाही, अपघात आहे, आणि तो एसएलमध्ये टाकणं ही फार मोठी चूक. ईएसआयमध्ये अपघाताच्या लाभाचा दर ९० टक्के आहे, अट एवढीच की अपघाताचा दिवस सोडून निदान ३ दिवस काम करता येऊ नये. आउट पासवर 'अंगदुखी' लिहून पाठवलं की हा हक्क सिद्ध करायला नंतर फार त्रास होतो.

सरकारी ऑफिसात आणखी एक गोंधळ होतो, नावाचा. अर्धवेतनी रजा म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा नव्हे, ती अर्ध्या पगारावरची पूर्ण दिवसांची रजा, वर्षाला २० दिवस जमा होणारी. दुपारनंतर घरी जाणाऱ्याची अर्धी नैमित्तिक रजा पडते, जेवणाच्या सुट्टीच्या अलीकडे की पलीकडे एवढंच बघतात.

बाहेरदेशी गेलेल्या आपल्या लोकांना वेगळंच काहीतरी दिसतं. ब्रिटनमध्ये सरकारी नियमाचा सिक पे पूर्ण दिवसाचाच असतो, माणसाने एक मिनिट जरी काम केलं तरी तो दिवस आजारपणाचा धरत नाहीत, मोजणी दुसऱ्या दिवसापासून. जर्मनीत मधेच घरी गेला तरी त्या दिवसाचा पगार पूर्ण मिळतो आणि सहा आठवड्यांच्या पगारी आजारपणाची सुरुवात पुढच्या दिवसापासून होते. मला ही जर्मनीची रीत सगळ्यात साधी वाटते, त्या दिवशी कुणालाच तास मोजत बसावं लागत नाही.

आपल्याकडे सगळ्यात जास्त हाल कंत्राटी लोकांचे होतात, हाउसकीपिंग, सिक्युरिटी, लोडिंगवाले. गेलं की खाडा आणि उद्या दुसरा माणूस हे माहीत असल्यामुळे ते ताप अंगावर काढतात आणि शिफ्ट संपेपर्यंत उभे राहतात. खरं तर ईएसआय त्यांनाही लागू आहे, कंत्राटदाराने वर्गणी भरली नाही तर ती भरायची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, आणि काम केलेल्या तासांची मजुरी त्यांचीही तेवढीच असते. आपला ईएसआयचा नंबर त्यांनी कंत्राटदाराकडून पहिल्याच महिन्यात मागून घ्यावा, ताप आल्यावर शोधाशोध करायला वेळ नसतो.