झिरो माइल (नागपूर)

नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात, विधान भवनाजवळ असलेले सर्वेक्षणकालीन स्मारक. वालुकाश्माचा एक स्तंभ, चार घोडे आणि बाजूला एक बुटका दगड, एवढाच त्याचा पसारा. ‘भारताचा मध्यबिंदू कोणता?’ या प्रश्नाला सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ‘नागपूरचा शून्य मैलाचा दगड’ हे उत्तर वर्षानुवर्षे छापले जाते आणि नागपूरकरालाही ते ऐकायला आवडते. प्रत्यक्षात इथला सर्वांत मोलाचा आकडा शून्य नव्हे, १०२०.१७१ आहे.

हा आकडा उंचीचा आहे. घोड्यांशेजारचा बुटका दगड म्हणजे १९०७ सालचा जी.टी.एस. स्टँडर्ड बेंचमार्क, म्हणजे मोजून ठरवलेल्या उंचीची पक्की खूण. समुद्रसपाटीपासून त्याची उंची १०२०.१७१ फूट, म्हणजे जवळपास ३११ मीटर. जी.टी.एस. म्हणजे ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे, अर्थात त्रिकोणमितीच्या आधारे केलेली भारताची मोजणी. विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा साखळीने मोजून तिला सुरुवात केली. एक बाजू आणि कोन कळले की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने निघतात. त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण रचत मोजणी उत्तरेकडे सरकत गेली. कोन मोजायचे थिओडोलाइट यंत्र अर्धा टन वजनाचे होते. नागपूरकडे येत असतानाच जानेवारी १८२३ मध्ये लॅम्बटन वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढची धुरा जॉर्ज एव्हरेस्टकडे गेली. त्याचे नाव शिखराला मिळाले आणि शाळकरी पोरांना पाठ झाले. लॅम्बटन मात्र हिंगणघाटकरांनाही सहसा आठवत नाही.

अचूक उंचीसाठी मात्र वेगळी मेहनत लागते. आधी किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या दीर्घकाळ नोंदी घेऊन समुद्राची सरासरी पातळी ठरवतात. मग तिपाईवर आडवी दुर्बीण लावून मागच्या आणि पुढच्या उभ्या पट्टीवरचे आकडे वाचायचे. दोन्हींतला फरक हा तेवढ्या टप्प्याचा चढ किंवा उतार. तिपाई उचलायची, पुढे मांडायची, पुन्हा वाचायचे. मुंबईहून नागपूर रेल्वेने आठशेहून अधिक किलोमीटर; यावरून या कामाचा चिवटपणा कळावा. आकड्यातला शेवटचा १ म्हणजे फुटाचा हजारावा भाग, जेमतेम ०.३ मिलिमीटर. अर्थात हा बारकावा हिशेबातला. इतक्या लांबच्या मोजणीत थोडीफार चूक साचतेच.

‘शून्य मैल’ हे नाव रस्त्यांच्या अंतरांशी जोडलेले आहे. स्तंभाच्या षटकोनी चौथऱ्यावर शहरांची नावे आणि मैल कोरले आहेत: जबलपूर १७०, हैदराबाद ३१८, शिवनी ७९. नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी होते, तेव्हा इथून अंतरे मोजण्यात नवल नाही. पण अंतरे जिथून मोजतात ती जागा देशाच्या मधोमधच असते असे नाही.

मध्यबिंदू पडताळायला पुठ्ठा पुरतो. भारताचा नकाशा पुठ्ठ्यावर चिकटवून कडेने कापायचा, एका टोकाशी टाचणी खुपसून मोकळा लटकू द्यायचा आणि त्याच टाचणीला दोरीने खडा टांगून दोरीवरून रेघ ओढायची. दुसऱ्या टोकाशी तसेच करायचे. रेघा एकमेकींना छेदतात ती जागा नागपूरच्या वर, मध्य प्रदेशात पडते. तिकडे कटनी जिल्ह्यातील करौंदी गाव हा मान सांगते. शिवाय १९०७ मधला ‘भारत’ ब्रह्मदेशापर्यंत पसरला होता. सीमा बदलल्या की मध्यही हलतो.

तरीही नागपूरचे मधोमध असणे पोकळ नाही. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमाने मध्यरात्री इथे एकत्र येत, पोत्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. आजही श्रीनगर–कन्याकुमारी हा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आणि पूर्व–पश्चिम जाणारा ५३ क्रमांकाचा महामार्ग नागपुरातच एकमेकांना मिळतात.

२०२१ पासून इथे ‘झिरो माइल फ्रीडम पार्क’ हे मेट्रो स्थानक आहे. बर्डीचा बाजार आणि १८१७ च्या लढाईचा सीताबर्डी किल्ला इथून जवळच. फोटो काढणारे बहुतेक घोड्यांपाशी थांबतात. बेंचमार्कचा दगड पाहायचा तर स्तंभाच्या बाजूला, जरा खाली नजर टाकावी लागते.