कोकणातील उन्हाळे आणि सागरस्नानाचा प्रवास

जमिनीतून आपोआप वर येणाऱ्या गरम पाण्याच्या झऱ्याला कोकणात ‘उन्हाळे’ म्हणतात. ऋतूचे नाव आणि झऱ्याचे नाव यांचे मूळ एकच आहे. ‘ऊन’ म्हणजे उष्ण. ताटातला ‘ऊन ऊन भात’ आणि डोंगरपायथ्याचे ‘ऊन पाणी’ या दोन्हींत तोच शब्द आहे. पालीजवळचे उन्हेरे, दापोली तालुक्यातील उन्हवरे, राजापूरजवळचे उन्हाळे ही गावे या पाण्यावरूनच ओळखली जाऊ लागली. कोकणाबाहेर जळगाव जिल्ह्यातील उनपदेव आणि नांदेड जिल्ह्यातील उनकेश्वर यांचीही तीच कथा आहे. या उन्हाळ्यांवर थांबत, मधूनमधून समुद्राकडे वळत, मोटारीने किंवा एस.टी.ने केलेला दोन-चार दिवसांचा निवांत प्रवास हा आता पर्यटनाचा प्रकार मानला जात असला, तरी त्याचे जुने रूप तीर्थयात्रेचे आहे. म्हणूनच बहुतेक कुंडांशेजारी एखादे देऊळ असते आणि बहुतेक प्रसिद्ध पुळणींच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यांच्या, टोकाला एखादा देव बसलेला असतो.

पश्चिम किनारपट्टीवरील हे झरे उत्तरेस पालघर जिल्ह्यातील कोकनेरपासून दक्षिणेस राजापूरपर्यंत साधारण ३५० किलोमीटरच्या पट्ट्यात सुमारे १८ ठिकाणी आढळतात. ते विखुरलेले नाहीत. सह्याद्रीचा पायथा आणि समुद्र यांच्या दरम्यान, किनाऱ्याला जवळपास समांतर अशा ओळीत ते येतात, कारण त्या दिशेने येथील खडकात खोल भेगा आणि प्रस्तरभंग (खडक तुटून सरकलेल्या रेषा) आहेत. पावसाचे पाणी या भेगांतून खोलवर मुरते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या एखाद्या भेगेने पुन्हा वर चढते. कोकणात आज कोठेही जिवंत ज्वालामुखी नाही. काळा कातळ ज्वालामुखीच्या लाव्ह्याचाच असला, तरी तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला आहे. त्यामुळे ‘खाली ज्वालामुखी धुमसतो आहे’ ही कुंडाच्या पायरीवर हमखास ऐकू येणारी माहिती चुकीची ठरते. नद्याही अनेकदा अशाच कमकुवत रेषांवरून वाट काढतात, म्हणून वज्रेश्वरीचे झरे तानसा नदीकाठी, महाडजवळील सव येथील झरा सावित्रीकाठी, आरवलीचे झरे गडनदीकाठी आणि राजापूरचा झरा अर्जुना नदीकाठी सापडतो.

सगळ्या उन्हाळ्यांचे पाणी सारखे तापलेले नसते. उन्हवऱ्याचे पाणी सुमारे ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असते, संगमेश्वर तालुक्यातील तुरळचे सुमारे ६० अंश, तर राजापूरचे ४० अंशांच्या आसपास भरते. यातला फरक अंगाला फार लवकर कळतो. राजापूरला माणूस सरळ धारेखाली उभा राहू शकतो. उन्हवऱ्याला मूळ झऱ्यात हात घालणेही शक्य नसते, आणि पाणी कुंडात साठून निवल्यावरच ते स्नानाच्या कामाचे होते. नवखा माणूस कुंडाच्या काठावर बसून आधी पावले बुडवतो, चटका बसताच वर काढतो, पुन्हा बुडवतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला पोटऱ्या आत राहतात आणि मग तो हळूहळू एकेक पायरी उतरत जातो. सरावलेली गावकरी मंडळी मात्र बोलता बोलता गळ्यापर्यंत पाण्यात गेलेली असतात. तळातून बुडबुड्यांच्या माळा वर येत असतात आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो पाण्यातील हायड्रोजन सल्फाइड वायूचा. याच वायूमुळे चांदीचे पैंजण आणि जोडवी काळवंडतात, म्हणून जाणत्या बायका कुंडात उतरण्यापूर्वी ती काढून ठेवतात. त्वचारोग आणि सांधेदुखी यांवर हे पाणी गुणकारी असल्याची श्रद्धा सर्वत्र आहे. उष्ण पाण्याने आखडलेले स्नायू सैल होतात एवढे निश्चित. त्यापलीकडचे दावे सावधपणे घ्यावेत. दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ आत बसू नये, आणि हृदयविकार, रक्तदाबाचा त्रास किंवा गर्भारपण असल्यास वैद्यकीय सल्ल्याशिवाय उतरूच नये.

मुंबईकरांना सर्वांत जवळचा समूह वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी यांचा. वसईचा किल्ला हाती यावा म्हणून चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला आणि १७३९मधील विजयानंतर देवीचे देऊळ बांधले गेले, अशी परंपरा आहे. देवळाभोवतीची किल्ल्यासारखी तटबंदी त्या काळाची आठवण देते. येथील ऊन पाणी म्हणजे देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त, अशी दंतकथा सांगतात. गणेशपुरीला नित्यानंद स्वामींमुळे स्वतंत्र महत्त्व आले आणि १९६१मध्ये त्यांनी तेथेच देह ठेवला. येथून अर्नाळा किंवा केळवे गाठून समुद्रस्नान करता येते, मात्र मधला रस्ता वस्ती आणि वाहतूक यांनी इतका भरलेला असतो की या टप्प्याला निवांत म्हणणे कठीण आहे. रायगड जिल्ह्यात उन्हेऱ्याची कुंडे पालीच्या बल्लाळेश्वराच्या दर्शनाला जोडून पाहिली जातात, आणि सवहून श्रीवर्धन व हरिहरेश्वर यांच्याकडे वळता येते.

या प्रवासाचा खरा भर रत्नागिरी जिल्ह्यात आहे. एकीकडे उन्हाळ्यांची ओळ आणि जवळपास तिच्या बाजूने जाणारा मुंबई-गोवा महामार्ग (पूर्वीचा क्रमांक १७, आताचा ६६), दुसरीकडे किनारा, आणि दोहोंमध्ये सडे (कातळाची सपाट पठारे), दऱ्या व खाड्या अशी येथील रचना आहे. झऱ्यापासून समुद्र नकाशावर जवळ दिसतो, पण रस्ता प्रत्येक खाडीला वळसा घालत जातो. पूर्वी तरीने, म्हणजे होडीने, खाडी ओलांडली जाई. आता वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा ठिकाणी मोटार चढवता येणाऱ्या फेरीबोटी आहेत. दाभोळला वाशिष्ठीच्या मुखाशी गाडी बोटीवर उभी करून पलीकडे गुहागरच्या बाजूला उतरले की चिपळूणवरून जाणारा लांबचा फेरा वाचतो. इंजिनाचा धडधडाट, खाऱ्या वाऱ्याचा झोत आणि कठड्याला टेकून उभी असलेली माणसे असा हा काही मिनिटांचा टप्पा अनेकांना आख्ख्या प्रवासापेक्षा जास्त लक्षात राहतो.

दापोली तालुक्यात उन्हवरे आणि पन्हाळेकाजीची लेणी एकाच दिवसात होतात, आणि मुक्कामाला कर्दे, मुरुड, आंजर्ले किंवा लाडघर येथील पुळणी आहेत. लाडघरच्या किनाऱ्यावरील तांबूस गोट्यांमुळे तेथील पाणी लालसर दिसते, म्हणून त्याला ‘तामसतीर्थ’ हे नाव पडले. दक्षिणेस संगमेश्वर तालुक्यात आरवली, तुरळ आणि राजवाडी ही तीन उन्हाळी एकमेकांपासून जवळ आहेत. पैकी राजवाडीच्या सोमेश्वर मंदिरातील लाकडी कोरीवकाम अवश्य थांबून पाहावे असे आहे. येथून गणपतीपुळे आणि आरे-वारे गाठता येतात. सकाळी समुद्र आणि परतीच्या वाटेवर उन्हाळे हा क्रम उलट क्रमापेक्षा बरा पडतो. झऱ्याचे पाणी गोडे नसले, तरी समुद्राच्या मानाने त्यात मीठ पुष्कळ कमी असते, त्यामुळे अंगावरची रेती आणि खारटपणा त्याने निघून जातो.

समुद्रस्नानाच्या बाबतीत कोकणची पुळण दिसते तितकी भोळी नाही. गणपतीपुळ्याला पाण्याखालचा उतार एकदम खोल जातो आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. तेथे दरवर्षी पाहुणे बुडाल्याच्या बातम्या येतात आणि त्यात पट्टीचे पोहणारेही असतात. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणामार्गावरील कातळ ओहोटीत सुंदर आणि भरतीत धोक्याचा असतो. भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशोब किनाऱ्यावर अजून चालतो : पक्षातील तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता साधारण पूर्ण भरती येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी, आणि ओहोटी दोहोंच्या मध्ये. अमावास्या व पौर्णिमा यांच्या आसपास उधाण मोठे असते. हा हिशोब अंदाजापुरताच आहे, पण गणपतीपुळ्याला किती वाजता पोहोचावे हे ठरवायला तो पुरतो. अनोळखी पुळणीवर उतरण्याआधी गावातल्या कोळ्याला विचारावे, आणि तो नको म्हणाला तर उतरू नये. जून ते सप्टेंबर हे चार महिने समुद्रस्नानाचे नव्हेतच, आणि त्या काळात फेरीबोटींचाही भरवसा नसतो. मार्गशीर्ष-पौषातील थंड सकाळ मात्र समुद्रस्नान आणि उन्हाळे या दोन्हींना योग्य असते. तेव्हाच कुंडावरची वाफ डोळ्यांना दिसते.

राजापूरचे उन्हाळे या ओळीचे दक्षिण टोक आहे. तेथून आंबोळगडची पुळण एका दिवसात होते, पण बहुतेक लोक येतात ते गंगेसाठी. उन्हाळ्याजवळच्या उंचवट्यावर चौदा कुंडे आहेत आणि साधारणतः तीन वर्षांनी त्यांत एकाएकी पाणी प्रकट होते, काही आठवडे वा महिने वाहते आणि तसेच एकाएकी आटते. याला गंगा आली आणि गंगा गेली असे म्हणतात. भूगर्भातील पोकळ्या भरल्यावर वक्रनलिकेच्या (सायफनच्या) तत्त्वाने पाणी बाहेर पडत असावे, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. अलीकडच्या दशकांत हा तीन वर्षांचा नेम पुष्कळदा मोडला असून गंगा कधी लवकर येते, कधी ठरल्यापेक्षा जास्त काळ राहते, त्यामुळे तिच्या भरवशावर प्रवास आखता येत नाही. ज्यांना ती भेटत नाही ते खाली अर्जुनेच्या काठी उतरतात, जिथे गोमुखातून पडणारे ऊन पाणी बारा महिने चालू असते.