लिनक्सवरील डेव्हलपमेंट टूल्सची स्थापना

लिनक्स प्रणालीवर सोर्स कोडपासून प्रोग्रॅम तयार करताना जी साधने सापडत नाहीत, ती ओळखून बसवण्याची प्रक्रिया. सोर्स कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर, तयार झालेले तुकडे जोडणारा लिंकर, ही कामे क्रमाने करवून घेणारे मेक आणि लायब्ररींच्या (अनेक प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडच्या) हेडर फाइली, म्हणजे त्या कोडमध्ये काय आहे हे कंपायलरला सांगणाऱ्या फाइली, ही त्यांतली मुख्य साधने. मेक स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्समध्ये १९७६ साली लिहिले; जीसीसी कंपायलरची पहिली आवृत्ती रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केली.

बहुतेक डिस्ट्रोंमध्ये (डेबियन, फेडोरा अशा लिनक्सच्या वितरणांमध्ये) पॅकेजे, म्हणजे बसवण्याजोगे प्रोग्रॅम आणि लायब्ररींचे गठ्ठे, आधीच कंपाइल होऊन येतात. रोजच्या वापराला कंपायलर लागत नाही, म्हणून तो सहसा सुरुवातीला दिलेला नसतो. ‘जीसीसी: कमांड नॉट फाउंड’ असा संदेश आला, तर मूळ संच बसवला की काम भागते. डेबियन आणि उबुंटूवर हा संच ‘बिल्ड-इसेन्शियल’ या नावाने मिळतो. त्यात जीसीसी, जी प्लस प्लस, मेक आणि सी लायब्ररीचे हेडर एकदम येतात. रेड हॅट घराण्यात ‘डेव्हलपमेंट टूल्स’ हा गट आहे, आर्चवर ‘बेस-डेव्हेल’, अल्पाइनवर ‘बिल्ड-बेस’. डेबियन घराण्यात आधी पॅकेजांची यादी ताजी करणारे ‘ॲप्ट अपडेट’ चालवावे, नाहीतर जुन्या यादीमुळे कधी कधी पॅकेज सापडतच नाही.

खरी अडचण यापुढची. लायब्ररी बसलेली दिसते, तिच्यावर चालणारे प्रोग्रॅमही चालतात, आणि तरी कंपायलर म्हणतो, ‘झेडलिब.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. नवख्या माणसाला हा विरोधाभास वाटतो, पण संदेश अगदी खरा असतो. डेबियनवर एकच लायब्ररी दोन पॅकेजांत विभागलेली असते. ‘झेडलिब१जी’मध्ये प्रोग्रॅम चालवायला लागणारी फाइल असते, हेडर मात्र ‘झेडलिब१जी-डेव्ह’मध्ये. फेडोरा आणि ओपनसुसेवर अशा नावांना ‘-डेव्हेल’ हे शेपूट असते. आर्चवर सहसा अशी विभागणी नसते, हेडर लायब्ररीसोबतच येतात.

त्यामुळे पॅकेजाचे नाव अंदाजाने टाइप करण्यापेक्षा न सापडलेल्या फाइलीवरून ते शोधावे. डेबियनवर ‘ॲप्ट-फाइल सर्च’, फेडोरावर ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’ आणि आर्चवर ‘पॅकमन -एफ’ नेमके हेच सांगतात. त्यासाठी एररची पहिली ओळ पाहावी. टर्मिनलवर शेवटी दिसणारी ‘मेक: एरर १’ ही ओळ फक्त बांधणी (सोर्सपासून प्रोग्रॅम तयार करण्याचे काम) थांबल्याचे कळवते; खरे कारण बऱ्याचदा पन्नास ओळी वर असते. लायब्ररी रिपॉझिटरीत (डिस्ट्रोच्या पॅकेज-साठ्यात) असताना ती सोर्समधून ‘/यूएसआर/लोकल’मध्ये बसवणे शक्यतो टाळावे. पॅकेजे बसवणाऱ्या पॅकेज मॅनेजरकडे तिची नोंद नसते, आणि पुढे दोन आवृत्त्यांची गल्लत होते.

हार्डवेअर चालवणारा ड्रायव्हर बांधायचा असेल तर कर्नलचे (प्रणालीच्या गाभ्याचे) हेडर चालू कर्नलच्याच आवृत्तीचे हवेत. ती ‘यूनेम -आर’ने कळते. कर्नल अपडेट करून संगणक रीस्टार्ट केला नसेल, तर इथे हमखास फसगत होते.

काही वेळा साधन नसूनही बांधणी थांबत नाही. पायथन सोर्समधून बांधताना ओपनएसएसएल या सुरक्षित जोडणीच्या लायब्ररीचे हेडर नसले तर एसएसएल मॉड्यूल वगळले जाते आणि काम पूर्ण झाल्यासारखे दिसते. पुढे पिप हे पायथनची पॅकेजे बसवणारे साधन वापरताना सुरक्षित जोडणी होत नाही, तेव्हा उणीव उघडी पडते. हेडर नंतर बसवले तरी पायथन पुन्हा बांधावाच लागतो.