पॅनिक अटॅक आणि चुकीच्या जागी दिलेले श्रेय

छातीत धडधड, श्वास अडकल्यासारखा, हातापायांना मुंग्या आणि आता आपण मरणार याची खात्री, अशा अवस्थेत मध्यरात्री इस्पितळात आणलेल्या माणसाचा ईसीजी काढला जातो, रक्तातील ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यास वाढणारे प्रथिन) तपासले जाते आणि दोन्ही नॉर्मल आले की त्याला बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकायला मिळते, ‘काही झालेले नाही, टेन्शन घेऊ नका.’ या वाक्याचा पूर्वार्ध चुकीचा आहे आणि उत्तरार्ध निरुपयोगी आहे. हृदयविकाराचा झटका आलेला नाही हे खरे, पण म्हणून शरीरात काहीच घडले नाही असे मुळीच नव्हे. १९९६ मध्ये कॅनडातील माँट्रियाल हार्ट इन्स्टिट्यूटच्या तातडीच्या विभागात छातीत दुखते म्हणून आलेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे चौघांपैकी एकाला पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे असे पॅनिक अटॅक वारंवार येण्याचा आजार, असल्याचे आढळले, आणि त्यांच्यापैकी जवळजवळ कोणाचाच आजार तेथील हृदयरोगतज्ज्ञांच्या लक्षात आलेला नव्हता. निदान न होता घरी गेलेला रुग्ण ‘मग मला झाले तरी काय?’ हा प्रश्न बरोबर घेऊन जातो, आणि पुढचे बरेचसे दुखणे या अनुत्तरित प्रश्नातूनच वाढते.

म्हणून आधी, झाले काय ते पाहू. धोक्याची सूचना मिळाली की अ‍ॅड्रिनल ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रिनालिन सोडतात, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठ होतात, घाम सुटतो, पोटात कालवते आणि श्वास जलद होतो. समोर खरोखर साप असता तर हीच तयारी कामाला आली असती. माणूस पळाला असता आणि वाढवलेला श्वास स्नायूंनी वापरला असता. पॅनिक अटॅकमध्ये मात्र माणूस खुर्चीत बसलेला किंवा अंथरुणात पडलेला असतो, त्यामुळे जलद श्वासाबरोबर शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. तो कमी झाला की रक्त किंचित अल्कधर्मी होते, रक्तातील मुक्त कॅल्शियमचे प्रमाण घटते आणि नसा अतिसंवेदनशील होतात. बोटांना आणि ओठांभोवती येणाऱ्या मुंग्या, कधी कधी आखडून वाकडी होणारी बोटे, हे सगळे त्यातून येते. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्याही आकुंचन पावतात, म्हणून गरगरते आणि भोवतालचे जग खोटे, काचेपलीकडचे वाटू लागते. कोविडच्या काळात अनेक घरांत आलेला ऑक्सिमीटर अशा वेळी बोटाला लावला तर तो बहुधा ९८ किंवा ९९ दाखवतो, म्हणजे जीव गुदमरतो आहे असे वाटत असताना रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो. म्हणूनच ‘खोल श्वास घे, आणखी खोल’ हा भोवतालच्यांचा आग्रह अनेकदा त्रास वाढवतो. श्वास खोल करण्यापेक्षा सावकाश करणे, विशेषतः उच्छ्वास लांबवणे, अधिक उपयोगाचे असते. तोंडाला कागदी पिशवी लावण्याचा जुना उपाय डॉक्टर आता सुचवत नाहीत, कारण त्रास खरोखर दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर हा उपाय घातक ठरू शकतो.

धोक्याची ही घंटा वाजते कोठून, याबद्दलचा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका स्त्रीचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. एका दुर्मीळ आनुवंशिक आजारामुळे तिच्या मेंदूतील दोन्ही बाजूंचे अमिग्डाला, म्हणजे भीतीशी निगडित बदामाच्या आकाराचे भाग, नष्ट झालेले आहेत. तिने साप निःशंकपणे हाताळले, आणि प्रत्यक्ष आयुष्यात तिच्यावर चाकू रोखला गेला तेव्हाही ती घाबरली नाही. अशा या स्त्रीला मास्कमधून ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेचा एकच श्वास दिला गेला, तेव्हा काही सेकंदांतच ती मास्कजवळ हात जोराने हलवू लागली आणि मदतीसाठी ओरडली. तोच आजार असलेल्या आणखी दोन बहिणींनाही, ज्या एकमेकींच्या जुळ्या आहेत, तसाच अटॅक आला. निरोगी अमिग्डाला असलेल्या बारा जणांपैकी मात्र फक्त तिघांना तो आला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांचा अर्थ असा, की शरीराच्या आतून, बहुधा श्वासावर देखरेख ठेवणाऱ्या मस्तिष्कस्तंभातून आलेली धोक्याची सूचना अमिग्डालाला वगळूनही माणसाला मुळापासून हादरवू शकते. प्रत्येक पॅनिक अटॅक कार्बन डायऑक्साइडमुळे येतो असे यातून सिद्ध होत नाही. पण अटॅक येणारा माणूस ‘घाबरट’ किंवा ‘मनाने कच्चा’ असतो, हे आपल्याकडे सर्रास केले जाणारे विधान किती उथळ आहे, ते यातून पुरेसे स्पष्ट व्हावे.

अटॅक येणे तितकेसे दुर्मीळही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने २५ देशांत सुमारे १ लाख ४३ हजार लोकांच्या मुलाखतींवर आधारलेले सर्वेक्षण २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात कधी ना कधी पॅनिक अटॅक आलेल्यांचे प्रमाण त्यात १३.२ टक्के निघाले, तर पॅनिक डिसऑर्डर, म्हणजे अटॅक वारंवार येणे आणि त्यांच्या धास्तीने जगणे बदलणे, हा आजार झालेल्यांचे प्रमाण केवळ १.७ टक्के होते. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. शंभरातल्या तेरा जणांना अटॅक येतो आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत पुढे तो आजार होत नाही. मग उरलेल्या दोघांच्या बाबतीत वेगळे काय घडते?

या प्रश्नाला सर्वांत पटणारे उत्तर इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडले. शरीरातल्या साध्या संवेदनेचा, उदाहरणार्थ जिना चढल्यावर वाढलेल्या ठोक्यांचा, माणूस ‘हार्ट अटॅक येतोय’ असा सर्वनाशी अर्थ लावतो. त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने ठोके आणखी वाढतात आणि वाढलेले ठोके त्या अर्थाला पुष्टी देतात. हे चक्र काही मिनिटांत शिगेला पोहोचते. तरीही एक कोडे उरतेच. ज्या माणसाला असे पन्नास अटॅक आले आणि पन्नास वेळा तो मेला नाही, त्याची भीती एव्हाना आपोआप ओसरायला हवी होती. ती का ओसरत नाही?

याचे उत्तर क्लार्क यांचे सहकारी पॉल साल्कोव्हस्किस यांनी १९९१ मध्ये दिले, आणि या आजारासोबत जगणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. अटॅक तर स्वतःहूनच ओसरतो, कारण अ‍ॅड्रिनालिन रक्तात फार काळ टिकत नाही. साधारण दहा मिनिटांत शिखर गाठून बहुतेक अटॅक अर्ध्या तासाच्या आत उतरतात. पण त्या काळात माणूस हातपाय बांधून बसत नाही, तो काही ना काही करतो, आणि वाचण्याचे श्रेय त्या कृतीला जाते. समजा, ठाण्याहून सीएसएमटीला जाणाऱ्या फास्ट लोकलच्या गर्दीत एखाद्याला अटॅक आला. तो धडपडत कुर्ल्याला उतरला, फलाटावरच्या बाकावर बसला, पाणी प्यायला आणि दहा मिनिटांनी त्याला बरे वाटले. त्याच्या मनात नोंद होते ती ‘वेळेवर उतरलो म्हणून वाचलो’ अशी. दुसऱ्या दिवसापासून तो स्लो लोकल पकडतो, कारण ती दर दोन-चार मिनिटांनी थांबते. मग दाराजवळचीच जागा हवी असते, मग पिशवीत पाण्याची बाटली आणि पाकिटात गोळ्यांची स्ट्रिप, मग बरोबर कोणीतरी ओळखीचे, आणि शेवटी घरूनच काम करता आले तर उत्तम. यातली एकेक गोष्ट शहाणपणाची वाटते, पण प्रत्येक गोष्ट त्याला एकच पुरावा मिळू देत नाही, तो म्हणजे गाडीतून उतरला नसता तरी काही झाले नसते, हा. ग्रहण लागले की ‘दे दान, सुटे गिराण’ अशी हाळी घातली जाई, दान दिले जाई आणि ग्रहण सुटेही. पण ते सुटायचे त्याच्या वेळेलाच. अटॅकमध्ये प्यायलेले पाणी, उघडलेली खिडकी, आईला लावलेला फोन हे सारे त्या दानासारखे आहे.

असेच श्रेय गोळीलाही जाते, आणि त्याचे परिणाम मोजले गेलेले आहेत. लंडन आणि टोरांटो येथे अल्प्राझोलाम हे चिंता शमवणारे औषध आणि टाळलेल्या ठिकाणी प्रत्यक्ष जाण्याचा सराव या दोन उपचारांची तुलना झाली होती. त्या रुग्णांविषयी मेटिन बासोग्लू आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले, की ज्यांनी आपल्या सुधारणेचे श्रेय औषधाला दिले त्यांचा आजार औषध बंद झाल्यावर अधिक प्रमाणात उलटला. आपल्याकडे अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम या गोळ्या कोणाच्या तरी जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे घेतल्या जातात. त्यांनी तासाभरात बरे वाटते हे खरे, पण सवय लागते, मात्रा वाढत जाते, आणि त्या एकदम थांबवल्या तर धोकाही असतो, फिट येण्यापर्यंतचा. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम यांसारखी औषधे वेगळ्या गटातली आहेत. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीच्या दिवसांत उलट अस्वस्थता वाढू शकते म्हणून डॉक्टर ती अगदी कमी मात्रेने सुरू करतात, आणि अनेकांना त्यांचा चांगला उपयोग होतो. ती घेण्यात कसलाही कमीपणा नाही. मात्र कोणतेही औषध चालू असताना ते स्वतःच्या मनाने सोडू नये.

औषधांखेरीज ज्या उपचाराला भक्कम आधार आहे, त्या कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीचा गाभा हे चुकलेले श्रेय परत मिळवणे हाच आहे. तिचा एक भाग प्रथम ऐकणाऱ्याला विचित्र वाटतो, कारण त्यात ज्या संवेदनांची भीती वाटते त्या मुद्दाम निर्माण केल्या जातात. फिरत्या खुर्चीत बसवून मिनिटभर गरगर फिरवतात, नाक चिमटीत धरून बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावतात, जागच्या जागी पळायला किंवा मिनिटभर जोरजोराने श्वास घ्यायला सांगतात. (हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर हे व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.) सुरू करण्याआधी रुग्णाने आपले भाकीत कागदावर लिहायचे असते, ‘मी बेशुद्ध पडेन’, ‘मला वेड लागेल’. मग खुर्ची फिरते, डोके गरगरते, ठोके वाढतात, आणि तो आधाराला काहीही न धरता थांबतो. संवेदना येते, चढते, उतरते. कागदावरचे भाकीत आणि प्रत्यक्षात घडलेले यांतला फरक त्याने स्वतः पाहिलेला असतो, आणि डॉक्टरांच्या शंभर आश्वासनांनी जे होत नाही ते अशा सरावाने हळूहळू होते. बेशुद्ध पडण्याच्या भीतीबद्दल येथेच सांगायला हवे, की भोवळ येऊन पडायला रक्तदाब घसरावा लागतो आणि पॅनिक अटॅकमध्ये तो बहुधा वाढलेला असतो. पुढचा टप्पा प्रत्यक्ष जगातला असतो. वरच्या उदाहरणातल्या माणसाने आधी फास्ट लोकलने फक्त ठाणे ते घाटकोपर जायचे, मग दादरपर्यंत, मग गोळ्यांची स्ट्रिप घरी ठेवून, मग गर्दीच्या वेळी, आणि अटॅक आला तरी ठरलेल्या स्टेशनाआधी उतरायचे नाही.

सावकाश श्वासाचा उपयोग आहे असे मी वर लिहिले, पण तोही ‘याच्यामुळेच वाचलो’ असा नवा टेकू होऊ शकतो हे लक्षात ठेवायला हवे. अटॅक थांबवण्यासाठी श्वास मोजणे आणि अटॅक येत असताना हातातले काम चालू ठेवणे यांत मोठा फरक आहे, आणि दुसरी गोष्ट शिकायची असते. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर क्लेअर वीक्स यांनी १९६० च्या दशकातच आपल्या रुग्णांना हेच सांगितले होते, की सामोरे जा, स्वीकारा, तरंगत राहा आणि वेळ जाऊ द्या.

असे असले तरी पहिला अटॅक हा पॅनिकचाच आहे असे घरी बसून कोणी ठरवू नये. छातीतले दुखणे श्रमाने वाढत असेल, हात, जबडा किंवा पाठीकडे जात असेल, वय चाळिशीपुढचे असेल किंवा मधुमेह, रक्तदाब असेल, तर थेट इस्पितळ गाठावे. थायरॉइडचा वाढलेला स्राव, हृदयाच्या लयीतले बिघाड, रक्तातील साखर एकदम उतरणे यांतही हुबेहूब असाच त्रास होतो, म्हणून एकदा नीट तपासण्या होणे आवश्यक आहे. नीट म्हणजे एकदा. दर महिन्याला नवा ईसीजी आणि दर तिमाहीला नवा डॉक्टर हीसुद्धा दिलासा विकत घेण्याचीच कृती ठरते, आणि तो दिलासा पुढच्या धडधडीपर्यंतच टिकतो.

घरच्यांचे काम सर्वांत अवघड असते. मायेपोटी ते सोबत जातात, बाजारहाट स्वतः करतात, लग्नकार्याला ‘तू नको येऊस’ म्हणतात, आणि नकळत रुग्णाचे जग लहान करत नेतात. अटॅक येत असताना शेजारी शांतपणे बसणे, ‘हे उतरेल, मी आहे’ एवढेच सांगणे आणि नंतर ठरलेल्या कामाला पुन्हा निघायला मदत करणे हे घाईघाईने घरी परत आणण्यापेक्षा जास्त प्रेमाचे असते. मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास निःशुल्क चालतो आणि त्यावर मराठीतून बोलता येते. बरे झाल्यावरही जागरणे, बाळंतपण, घरातले मृत्यू अशा काळात एखादा अटॅक पुन्हा येऊ शकतो. तो आला म्हणून उपचार वाया गेले असे नसते. त्या आठवड्यातली ठरलेली कामे न टाळता करावीत, आणि तरीही फिरणे आक्रसत चालले आहे असे दिसले, तर पूर्वीच्याच थेरपिस्टकडे आणखी काही सत्रांसाठी जावे.