‘यॉर्कटाउन’ची टोपी मिडवेच्या लढाईतली नव्हे

गडद निळी टोपी, पुढे सोनेरी भरतकामात ‘यूएसएस यॉर्कटाउन’ हे अमेरिकी विमानवाहू जहाजाचं नाव, मागे प्लास्टिकची पट्टी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका आणि जपान यांच्यात झालेल्या १९४२च्या मिडवे लढाईत नौसैनिकांनी हीच घातली होती, असं सांगून ती संग्राहकांच्या गळ्यात मारली जाते.

मुळात युद्धकाळात जहाजाचं नाव डोक्यावर मिरवायची सोयच नव्हती. अमेरिकी नौसैनिकांच्या निळ्या गोल टोपीच्या फितीवर पूर्वी ते असे; १९४१मध्ये गुप्ततेसाठी ते काढून नुसतं ‘यूएस नेव्ही’ ठेवलं गेलं. एरवी कामावर पांढरी, कड वर दुमडलेली सुती टोपी, तीही कोरी. जहाजाचं नाव भरलेल्या टोप्या रुळल्या त्या युद्धानंतर.

शिवाय टोपीवरचा जहाजाचा क्रमांक बघा (विकणारे तोही बघत नाहीत). मिडवेला लढलेली यॉर्कटाउन म्हणजे सीव्ही-५ (‘सीव्ही’ ही विमानवाहू जहाजाची खूण). जपानी पाणबुडीच्या पाणतीरांनंतर ती ७ जून १९४२ रोजी बुडाली. टोपीवर सीव्ही-१० असेल तर ते जहाजच निराळं. त्याची बांधणी सुरू असताना बुडालेल्या जहाजाचं नाव त्याला दिलं गेलं, ते एप्रिल १९४३मध्ये नौदलात दाखल झालं आणि आज साउथ कॅरोलायनात संग्रहालय म्हणून उभं आहे. आणि सीव्ही-५ लिहिलेली टोपी? तीही नंतर शिवलेलं स्मृतिचिन्हच.