डाग धुवायच्या आधी जरा बघून घ्या

कोकणातल्या घरात कपड्यांवर पडणाऱ्या डागांची यादी केली तर निम्मी बाग आणि अख्खं स्वयंपाकघर त्यात येईल. हळद, कोकम, चहा, जांभूळ, केळफुलाचा चीक, आंब्याचा चीक, आणि काजूच्या बोंडूचा रस, जो एकदा लागला की तो शर्ट बागेत घालायचा शर्ट होतो, विषय संपला. आपण हे सगळं धुवायच्या नजरेनेच बघतो. पण जगात बऱ्याच लोकांनी हेच डाग मुद्दाम पाडले, त्यातून फोटो काढले, कापड छापलं, शाई केली, आणि मग कोणीतरी शास्त्रज्ञ येऊन विचारायला लागला की अरे हे नेमकं होतं कसं.

हळदीपासूनच सुरू करू. आमटी शर्टावर सांडली आणि साबण लावला की पिवळा डाग एकदम लाल होतो, नवीन माणूस घाबरतोच. त्यात काही बिघडलेलं नसतं. हळदीतलं रंगाचं केमिकल म्हणजे करक्युमिन, ते आंबट किंवा साध्या पाण्यात पिवळं असतं आणि साबण, चुना, सोडा असं काही अल्कधर्मी भेटलं की लाल होतं. त्याच डागावर लिंबू पिळा, परत पिवळा. हळदीत चुना कालवला की लाल कुंकू होतं ते यामुळेच. आणि केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये लिटमससारखाच हळदीचा पेपरही वापरायचे, अल्कली ओळखायला.

पण हळदीची खरी गंमत पुढे आहे. साबणाने न गेलेला डाग आई उन्हात टाकायला सांगते आणि संध्याकाळपर्यंत तो बराचसा उडालेला असतो. हे कसं, तर उन्हाने, त्यातही अतिनील किरणांनी, करक्युमिनचा रेणू तुटतो आणि तुटलेल्या तुकड्यांना तो पिवळा रंग राहत नाही. आता विचार करा, डाग पडलेल्या कापडावर एखादं पान पडून राहिलं तर पानाखाली ऊन पोचणार नाही, तिथे पिवळं तसंच राहणार आणि बाजूचं फिकं होणार. म्हणजे पानाचा फोटोच निघाला की! कॅमेरा नाही, फिल्म नाही, काही नाही.

ही आयडिया जॉन हर्शेलला १८४२ मध्येच सुचली होती. हा तोच हर्शेल, मोठा खगोलशास्त्रज्ञ, पण फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळात त्याने भलते उद्योग करून ठेवलेत. फुलं चुरडायची, रस कागदाला फासायचा, उन्हात ठेवायचा आणि कोणता रंग कधी उडतो ते बघत बसायचं. या प्रकाराला ॲन्थोटाइप म्हणतात. मेरी सॉमरव्हिल नावाच्या विदुषीनेही भाज्या-फुलांच्या रसांवर असेच प्रयोग केले आणि ते हर्शेलनेच १८४५ मध्ये रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे मांडले. हर्शेलचा त्रास असा की इंग्लंडचं ऊन ते, कितीतरी रसांना कित्येक दिवस, कधी आठवडे लागायचे. आपल्याकडे ऑक्टोबरातलं ऊन आणि हळद अशी जोडी असली की काही तासांत काम होतं, कारण वनस्पतींच्या रंगांमध्ये हळद उडायला फारच उतावीळ.

करून बघायचं असेल तर सांगतो. हळद पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून मेडिकलमधून स्पिरिट आणायचं, त्यात चमचाभर हळद ढवळायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पिवळं पाणी ब्रशने जाड ड्रॉइंग पेपरवर लावायचं (हे करताना गॅस बंद, आणि खिडकी उघडी, स्पिरिट लगेच पेटतं). कागद अंधारात वाळवायचा, कपाटात वगैरे. मग त्यावर जांभ्याच्या गडग्यावर उगवणारा नेचा ठेवा, त्याची नक्षी सगळ्यात सुंदर येते, वर काच दाबून बसवा आणि उन्हात. बाजूचा कागद फिका दिसायला लागला की काढा. आता त्यावर खायच्या सोड्याचं पाणी हलकेच फिरवा आणि बघा, पिवळा नेचा डोळ्यादेखत तांबूस तपकिरी होतो, म्हणजे शर्टावर साबण लावल्यावर झालं तेच, फक्त इथे आपल्याला हवंय म्हणून. मुलांना सुट्टीत बसवायला याच्याइतकं स्वस्त काही नाही.

एक अडचण आहे आणि ती हर्शेललाही सुटली नाही. हा फोटो पक्का करता येत नाही. ज्या उन्हाने तो काढला तेच ऊन तो पुसतं, त्यामुळे फ्रेम करून हॉलमध्ये लावला की काही दिवसांत कोरा कागद. वहीत मिटून ठेवायचा आणि पाहुणे आले की दाखवायचा. मला स्वतःला हे आवडतं, प्रत्येक फोटो जन्मभर टिकलाच पाहिजे असं कुठंय.

आता कोकम. कोकमातला रंग अँथोसायनिन जातीचा, जांभळात, लाल कोबीत, रेड वाईनमध्ये असतो त्याच खानदानातला. हे रंग आंबटात लाल, आंबटपणा कमी होत गेला की जांभळट, आणि सोड्यात गेले की निळे-हिरवट होतात. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६४ मध्ये रंगांवर पुस्तक लिहिलं त्यात व्हायोलेट फुलांच्या सरबताने आम्ल-अल्कली ओळखायची युक्ती दिलीय, म्हणजे त्या काळी औषधवाल्याकडे मिळणारं सरबतच हे, आणि त्यातून पुढे सगळे इंडिकेटर आले. आपल्याकडे कुंपणावर गोकर्णीचा वेल असतो, त्याची निळी फुलं गरम पाण्यात टाका आणि लिंबू पिळा, निळ्याचं जांभळं झालेलं बघायला हल्ली कॅफेवाले चांगले पैसे घेतात.

सोलकढीचा गुलाबी मात्र जरा वेगळा मामला आहे. लोकांना वाटतं आगळात, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसात, नारळाचं दूध घातलं म्हणून नुसता रंग पातळ झाला. तेवढंच नाही. आगळ भरपूर आंबट, नारळाचं दूध जवळजवळ बिनआंबट, त्यामुळे दोन्ही मिळून आंबटपणा थोडा उतरतो आणि लाल रंग थोडा जांभळटाकडे सरकतो. आणि दुधातले तेलाचे बारीक बारीक थेंब सगळ्या बाजूंना प्रकाश उधळतात, दूध पांढरं दिसतं ते त्यामुळेच, त्या पांढऱ्यात हा लाल मिसळला की तो गुलाबी होतो जो कुठल्याही खायच्या रंगाच्या बाटलीत मिळत नाही. (मिळतो असं काही हॉटेलवाल्यांना वाटतं. बीट घालणारेही आहेत. असो.) आणि सोलकढी करून ठेवली की वर पांढरा थर, खाली लाल पाणी होतं ना, त्याचं कारणही आंबटच. नारळाच्या दुधातलं तेल धरून ठेवायचं काम त्यातली प्रथिनं करतात, आंबटात ती प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि तेल सुटून वर येतं. म्हणून सोलकढी पानं घेताना कालवावी, सकाळी करून ठेवू नये.

रंग जिभेला कसा फसवतो त्याचा एक भारी किस्सा फ्रान्सचा आहे. २००१ मध्ये बोर्डोला वाईनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना एक व्हाईट वाईन दिली, आणि तीच वाईन बिनवासाचा लाल रंग घालून रेड म्हणून दिली. या पोरांनी लाल ग्लासातल्या वाईनला रेड वाईनचे सगळे शब्द लावले. शिकलेली पोरं ती! म्हणून मी म्हणतो की सोलकढी स्टीलच्या वाटीत देऊ नका, काचेच्या ग्लासात द्या, निम्मी चव तिथेच येते.

चहाकडे येऊ. टेबलावर चहाचा थेंब वाळला की मध्ये फिकं आणि कडेला गडद रिंगण राहतं. इतकं रोजचं की कोणाला त्याचं काही वाटत नाही, पण शिकागो युनिव्हर्सिटीतल्या रॉबर्ट डीगन आणि त्याच्या सोबतच्यांना कॉफीच्या डागाबद्दल वाटलं आणि १९९७ मध्ये त्यांनी नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात पेपर छापला. झालं असं की थेंबाची कड टेबलाला घट्ट धरून बसते, आत सरकत नाही, आणि कडेला थेंब पातळ असल्याने तिथलं पाणी सगळ्यात भरभर उडतं. ते भरून काढायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि जाताना सगळे कण घेऊन जातं. २०११ मध्ये दुसऱ्या एका टीमने दाखवलं की कण गोल असले तरच रिंगण होतं, लांबुडके असले तर ते वाटेत पाण्याच्या पृष्ठभागावरच एकमेकांत अडकून बसतात, आंगणेवाडीच्या जत्रेत सगळ्यांनी छत्र्या आडव्या धरल्यासारखे, आणि मग डाग सगळीकडे सारखा पडतो. इंकजेट प्रिंटरची शाई आणि पेंट बनवणाऱ्यांसाठी हे सोन्यासारखं ज्ञान, त्यांना रिंगण नकोच असतं.

आणि याच विषयात चित्रकार-फोटोवाल्या माणसाने शास्त्रज्ञाला कामाला लावलं ते उदाहरण मला सगळ्यात आवडतं. अमेरिकेत ॲरिझोनाचा अर्नी बटन नावाचा फोटोग्राफर, त्याला धुवायला टाकायच्या ग्लासाच्या तळाशी वाळलेल्या स्कॉच व्हिस्कीचे पुसट नक्षीदार थर दिसले. त्याने त्यांच्यावर रंगीत लाइट टाकून फोटो काढले, ते फोटो अक्षरशः परग्रहासारखे दिसतात. मग त्याला प्रश्न पडला की व्हिस्कीला कॉफीसारखं रिंगण का नाही येत, म्हणून त्याने प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीतल्या हॉवर्ड स्टोन या शास्त्रज्ञाला गाठलं. २०१६ मध्ये उत्तर छापून आलं. व्हिस्कीत अल्कोहोल आधी उडतं, त्यात साबणासारखे वागणारे थोडे रेणू असतात ते कडेला जमून पृष्ठताण कमी करतात, त्यामुळे प्रवाह उलटा आत फिरतो, आणि धान्य-लाकडातून आलेले लांब लांब रेणू काचेला चिकटून कणांना जागेवर धरतात. पुढे लुइव्हिल युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी बर्बन, म्हणजे अमेरिकन व्हिस्की, पाणी घालून पातळ केली तर थेंब वाळताना कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटते हे दाखवलं, स्कॉचला ती येत नाही, आणि प्रत्येक ब्रँडची जाळी वेगळी, त्यामुळे नकली माल पकडायलाही उपयोग होईल म्हणतात. शनिवारी रात्रीचे ग्लास रविवारी सकाळी लगेच धुवू नयेत याला आता शास्त्रीय कारण आहे, घरी सांगून बघा.

केळफूल चिरताना हात काळे होतात, विळी काळी होते. हातावरचं काळं म्हणजे चिकातली टॅनिनसारखी द्रव्यं हवेने काळवंडतात ते (म्हणून चिरलेलं केळफूल ताकात टाकतात, आंबटात हे काम मंदावतं), आणि लोखंडी विळीवरचं काळं म्हणजे टॅनिन अधिक लोखंड. हीच जगातली जुनी शाई. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घोटून आपल्याकडे शाई करायचे, युरोपात ओकच्या गाठी आणि हिराकस. कच्छ आणि राजस्थानातल्या बगरूचे छापणारे तर पूर्ण स्वयंपाकच मांडतात. गंजलेलं लोखंड, गूळ आणि पाणी मडक्यात आंबवत ठेवायचं, आंबताना झालेल्या आम्लात लोखंड विरघळतं, मग ते चिंचोक्याच्या पुडीने दाट करायचं आणि हिरड्यात बुडवून वाळवलेल्या कापडावर ठसा मारायचा. ठसा टेकला तिथे काळं.

चिंचोका इथे का, तर त्याच्यात झायलोग्लुकन नावाची साखरेच्या लांब साखळ्यांची पिठूळ भानगड असते, पाण्यात शिजवली की चिकट आणि दाट होते. सावंतवाडीचे गंजिफाचे पत्ते बघितले असतील, गोल, दशावताराचे, दहा अवतार गुणिले बारा म्हणजे १२० पत्त्यांचा डाव. त्या पत्त्यांना कडकपणा चिंचोक्याच्या खळीचा. लहानपणी आपण भाजलेले चिंचोके चघळले आणि सारीपाटावर फासे म्हणून टाकले, कारागिरांनी त्यांच्यावर विष्णू रंगवले.

शेवटी काजू, आणि हा डाग खेळायचा नाही. बोंडूचा नव्हे, बीच्या टरफलातल्या तेलाचा. वेंगुर्ल्याकडे बिया फोडणाऱ्या बायकांची बोटं काळी पडतात, कातडी सोलवटते, ते या तेलाने. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागून तोंड येतं तेही याच्याच भावकीतलं, आणि धोबी ज्याने कपड्यावर न जाणारी खूण करायचे तो बिब्बाही. काजू, आंबा, बिब्बा एकाच कुळातले, आणि त्याच कुळातलं जपानचं उरुशी झाड, ज्याच्या विषारी चिकापासून ते वाडगे आणि पेट्यांवरचं ते आरशासारखं काळं-लाल लाखकाम करतात. तो चीक पाणी उडून वाळत नाही, तर हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होतो, आणि ते घडवणारं एन्झाइम योशिदा नावाच्या जपानी केमिस्टने १८८३ मध्ये शोधलं. त्याला हवा दमट लागते, साधारण ७० ते ८० टक्के आर्द्रता, म्हणून कारागीर वस्तू मुद्दाम ओलसर कपाटात ठेवतात. जुलैत आपल्याकडे पापड वाळत नाहीत, चपला वाळत नाहीत, पण उरुशी लावली असती तर मस्त वाळली असती.

आणि उरुशी महाग पडते म्हणून जपानमध्ये स्वस्त पर्याय कशापासून केला, तर काजूच्या टरफलाच्या तेलापासून. तिकडे त्याला काजूचा पेंट म्हणूनच ओळखतात. आपल्याकडे हेच तेल होड्यांच्या लाकडाला लावायचे, कीड आणि पाणी लागू नये म्हणून, आणि आता ते गाड्यांच्या ब्रेकच्या लायनिंगमध्येही जातं. कोणाला करून बघायची खुमखुमी आलीच तर रबरी हातमोजे घाला, टरफलं घरात भाजू नका, त्याचा धूरसुद्धा लागतो.