जीन बघून औषध: सुरुवात टीबीच्या गोळीपासनं

सध्या जिकडं तिकडं जीन टेस्ट करून औषध द्यायचं म्हणायलेत, पण ही गोष्ट लई जुनी आहे आणि सुरू झाली ती साध्या, स्वस्त औषधांपासनं.

टीबीचं आयसोनियाझिड १९५२ ला आलं. गोळी तीच, डोस तोच, पण काही पेशंटच्या हातापायाला मुंग्या यायच्या, काहींना काहीच नाही. मग कळलं की काहींच्या शरीरात हे औषध हळू मोडतं, रक्तात जास्त वेळ राहतं, आणि हा फरक आईबापाकडून येतो. भारतात असे लोक भरपूर. मुंग्या येऊ नयेत म्हणून सोबत बी-सिक्स व्हिटॅमिनची गोळी देतात. मलेरियाच्या प्रायमाक्विननं काहींच्या तांबड्या पेशी का फुटतात हे १९५६ ला सापडलं, आणि १९५९ ला फ्रीडरिश फोगेल या जर्मन शास्त्रज्ञानं या सगळ्याला फार्माकोजेनेटिक्स नाव दिलं.

आपल्या भागासाठी मात्र सगळ्यात महत्त्वाचं स्कोलिन. ऑपरेशनला घशात नळी घालताना भूलतज्ज्ञ हे इंजेक्शन देतात, अंग ढिलं पडतं, श्वासही थांबतो, आणि रक्तातलं एक एन्झाइम पाच-दहा मिनिटांत औषध संपवून टाकतं. ज्यांच्यात ते एन्झाइम नसल्यासारखंच असतं त्यांचा श्वास तासन्‌तास येत नाही, तोवर व्हेंटिलेटर लागतो. हा दोष वारशानं येतो हे टोरांटोच्या वर्नर कालोवनं १९५७ च्या सुमारास दाखवलं. आपल्याकडं आर्य वैश्य म्हणजे कोमटी समाजात याचं प्रमाण जास्त आहे, कारण सोयरीक पिढ्यान्‌पिढ्या समाजातच, आणि त्यामागचा जीनमधला नेमका बदल २००६ ला छापून आला. नांदेड, परभणीकडं हा समाज मोठा आहे. यात कमीपणाचं काहीच नाही, एरवी त्या माणसाला कसलाच त्रास नसतो.

पुढं २००३ ला मानवी जीनोम, म्हणजे माणसाच्या सगळ्या जीनचा नकाशा, पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, २०१० ला अमेरिकेत क्लोपिडोग्रेल या रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या औषधावर जीनविषयीची वॉर्निंग आली, २०१९ ला इंडिजेन या भारतातल्या प्रकल्पात हजारावर भारतीयांचे जीनोम वाचले गेले. हे शेवटचं मला फार गरजेचं वाटतं, कारण नुसत्या युरोपियन लोकांवरनं बनवलेल्या टेस्टमध्ये आपल्याकडचे बदल सापडतीलच असं नाही.

स्कोलिनसाठी तर जीन टेस्टचीही वाट बघायला नको, त्या एन्झाइमची रक्त तपासणी होते. घरात, भावकीत कुणाला ऑपरेशननंतर श्वास यायला उशीर झाला असेल तर भूलतज्ज्ञाला आधीच सांगा, ते दुसरं औषध वापरतात.